बोटापेक्षा अंगठी जड होऊ नये



नाकापेक्षा मोती जड, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. धन्यापेक्षा चाकराचा तोरा वाढला, की आपण ती वापरतो. पण ज्या कोणी ही म्हण पहिल्यांदा उच्चारली असेल, त्याने खरेखुरे नाक आणि खराखुरा मोतीच पाहिला असला पाहिजे. दागिना अंगाला जड झाला, की तो दागिना राहत नाही, ओझे होतो. आज मी नाकाविषयी नव्हे, बोटाविषयी बोलणार आहे. लग्नात किंवा साक्षगंधात आपण जी अंगठी घालतो, ती शेतात, रानात, कारखान्यात राबणाऱ्या हातासाठी कशी असावी, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशयांना दुसरा विषय सापडला नाही काय? अंगठी ती काय, सोनाराकडे जावे, आवडेल ती घ्यावी. मीही आजवर असेच समजत होतो. पण एका घरगुती प्रसंगाने मला या लहानशा वस्तूचा विचार करायला लावले. तो प्रसंग आधी सांगतो.

यवतमाळ शहराजवळ लोहारा नावाचे गाव आहे. नाव ऐकले, की लोहाराची भट्टी आणि घणाचे घाव डोळ्यांपुढे येतात. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि आसपास कापूस, तूर, सोयाबीन यांची शेते आहेत. एका अंगाला यंत्रे, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटी. तेथे माझ्या चुलतबहिणीचे घर आहे. तिच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, लग्न जुळले. मुलगा कारखान्यात लेथवर काम करतो आणि सुटीच्या दिवशी घरची चार एकर शेती पाहतो. भाची बारावी झालेली आहे, पण निंदणाला आणि कापूस वेचायला ती आजही आईबरोबर जाते. साक्षगंधाची तारीख ठरली, तसे अंगठ्यांचे बोलणे निघाले आणि मला बोलावणे आले.

मी गेलो तेव्हा ओसरीवर चांगलीच चर्चा रंगली होती. बहिणीचे म्हणणे असे, की जावयाला देखणी, ठसठशीत अंगठी द्यावी; चार पाहुण्यांत शोभली पाहिजे. भाचीची आजी म्हणाली, "मुंदी कशीही घ्या बाप्पा, पण एकदा बोटात घातली का काढू नये. साक्षगंधाची मुंदी काढणं चांगलं नसते." भाची मला हळूच म्हणाली, "मामा, ती मुंदी घालून मले कापूस वेचता येईल का?" आणि माझे भाऊजी, मुलीचे वडील, भिंतीला टेकून गप्प बसले होते.

भाऊजींच्या गप्प बसण्याचे कारण घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या उजव्या हाताला करंगळीशेजारचे बोट नाही. लग्न होऊन वर्ष झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. कापूस भरलेल्या ट्रॉलीवरून त्यांनी खाली उडी मारली. सासऱ्याने दिलेली अंगठी फाळक्याच्या कडीत अडकली. अंग खाली आले, हात वर राहिला. पुढचे मी सांगत नाही. भाऊजी एरवी त्याविषयी बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी हात पुढे केला आणि एवढेच म्हणाले, "मुंदी सापडली होती. बोट गेलं."

ओसरीवर कोणी काही बोलले नाही. मग भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शिकलेले माणसं. पाहून सांगा आमाले, कशी घ्याव ते." मी मान हलवली खरी, पण मला सांगता येण्यासारखे काहीच नव्हते. नंतर मी डॉक्टरांना विचारले, सोनारांना विचारले, चार पुस्तके चाळली. जे समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न आजीबाईंचा. अंगठी काढली तर अपशकुन होतो काय? आपल्या जुन्या विवाहविधीकडे पाहा. त्यात होम आहे, पाणिग्रहण आहे, सप्तपदी आहे. पाणिग्रहण या शब्दाचा अर्थ काय? पाणि म्हणजे हात. वराने वधूचा हात हाती घ्यायचा. विधीने हात धरायला सांगितला आहे, अंगठी नव्हे. ख्रिस्ती बांधवांच्या विवाहात अंगठीला विधीतच स्थान आहे. आपल्याकडे साक्षगंधात अंगठी घालतात तो लौकिक आहे. चांगला लौकिक आहे, तो मोडावा असे मी म्हणत नाही. पण ज्या हाताच्या साक्षीने लग्न लागते, तोच हात अंगठीपायी जायबंदी झाला तर लौकिक राखला असे कसे म्हणायचे?

अंगठी हरवण्याची जगातली सर्वांत प्रसिद्ध कथाही आपलीच आहे. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत आपल्या नावाची अंगठी शकुंतलेला देतो. वाटेत शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना ती तिच्या बोटातून निसटते, माशाच्या पोटात जाते आणि पुढे एका कोळ्याला सापडते. आम्ही वर्गात दुर्वासांच्या शापाविषयी पुष्कळ बोलतो. पण परवा शिकवताना मला वाटले, अंगठी राजाच्या बोटाच्या मापाची असणार. आश्रमात झाडांना पाणी घालणाऱ्या मुलीच्या बोटात ती सैल होणारच. शाप खरा असेल, पण मापही चुकले असावे! आपल्या भागात शकुंतला म्हटले, की मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ती लहान रुळांची आगगाडी आठवते. तीही आज बंद आहे. असो. सांगायचे एवढेच, की सैल अंगठी हरवते आणि घट्ट अंगठी अडकते. दोन्हींचा उपाय मापात आहे.

माप कधी घ्यावे? पुष्कळ लोक सकाळी गार वेळी सोनाराकडे बोट पुढे करतात. पण बोट दिवसभर एकसारखे नसते. उन्हाने, कष्टाने, हात खाली लोंबत ठेवून चालल्याने ते फुगते, थंडीत आकसते. म्हणून माप संध्याकाळी, हात निवल्यावर घ्यावे, आणि शक्य तर दोन वेगळ्या दिवशी घ्यावे. कष्टकरी माणसाच्या बोटाचे पेर जाड असते आणि मुळाशी बोट बारीक असते. तेव्हा दोन्ही ठिकाणी दोरा गुंडाळून पाहावा. अंगठी पेरावरून थोड्या जोराने, पण साबणाशिवाय निघाली पाहिजे. हात झटकल्यावर पडू नये आणि हवी तेव्हा स्वतःला काढता यावी, ही मापाची कसोटी.

आता धातूकडे वळू. शुद्ध सोने २४ कॅरटचे. ते इतके मऊ असते, की रोजच्या कामात त्याच्या अंगठीला खाचा पडतात, ती वाकडी होते. म्हणून त्यात तांबे, चांदी मिसळतात. २२ कॅरट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, १८ कॅरट म्हणजे ७५० भाग, १४ कॅरट म्हणजे ५८५ भाग. सोने जसे कमी, तसा दागिना साधारणपणे टणक.

ज्येष्ठ श्रोत्यांना १४ कॅरट हा शब्द ऐकताच १९६३ साल आठवेल. चीनशी युद्ध झाल्यावर त्या वर्षी जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या थंड पडल्या, अनेक कारागिरांवर दुसरे काम शोधण्याची पाळी आली. लोकांनी ते सोने मनापासून स्वीकारलेच नाही. १९६६ साली १४ कॅरटचे बंधन उठले. पुढे १९६८ साली झालेला सुवर्णनियंत्रणाचा कायदाही १९९० साली रद्द झाला. लोकांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपल्याकडे सोने ही अडीअडचणीची ठेव आहे, आणि ठेव अस्सल हवी. पण ठेव निराळी आणि रोज हातात वागवायची वस्तू निराळी, हा विवेक आपण त्या वेळीही केला नाही आणि आजही करत नाही. पेटीत ठेवायचे सोने २२ कॅरटचे असावे. कामाच्या हातात घालायची अंगठी १८ कॅरटची असली तर काही बिघडत नाही. २२ कॅरटचीच हवी असेल, तर ती भरीव घ्यावी. मोठी दिसावी म्हणून आतून पोकळ केलेली अंगठी पहिल्याच हंगामात चेपते.

चांदी स्वस्त आणि आपली नेहमीची. पण गंधकाने ती काळी पडते, आणि कपाशीवर वा भाजीवर गंधकाची भुकटी मारणाऱ्याच्या हातात ती फार लवकर काळवंडते. काळी पडली म्हणून ती खोटी समजू नये. पुसली की उजळते. स्वस्त नकली दागिन्यांत पुष्कळदा निकेल असते आणि काहींच्या कातडीला त्याने खाज सुटते, चट्टे उठतात. पोलादाच्या किंवा घोड्याच्या नालेच्या अंगठ्या आपल्याकडे शनीसाठी घालतात. त्यांचा तोटा असा, की बोट सुजले तर त्या सहज कापता येत नाहीत. सोन्याची अंगठी दवाखान्यात चटकन कापता येते आणि सोनार ती पुन्हा जोडूनही देतो. हल्ली रबरासारख्या सिलिकोनच्या अंगठ्याही मिळतात. जोराचा ओढा बसला तर त्या तुटतात, बोट वाचते. यंत्रावर किंवा मैदानी खेळात ज्याला खूण म्हणून अंगठी घालायचीच आहे, त्याला त्या बऱ्या. तरी फिरत्या यंत्राजवळ मोकळे बोट सर्वांत चांगले.

आता घडण. कामाच्या हाताची अंगठी अरुंद असावी, कडा गोल असाव्यात, वर काही उभे राहिलेले नसावे. नक्षीच्या खाचांत माती, शेण, पीठ बसते. खडा बसवायचाच असेल तर तो बोटाच्या पातळीला, चहूबाजूंनी धातूने वेढलेला असावा. यालाच आपण कोंदण म्हणतो. हिऱ्याला कोंदण, असे आपण बोलताना सहज म्हणतो, पण खरेदी करताना नेमके विसरतो आणि चार नख्यांनी उचलून धरलेला खडा पसंत करतो. त्या नख्या कापसाच्या बोंडात अडकतात, पातळाचे सूत ओढतात, लेकराच्या गालाला ओरखडा काढतात, आणि एक नखी वाकली की खडा बांधावर पडतो. बांधावर पडलेला खडा सापडला, असे मी अजून ऐकले नाही.

मोती आणि पोवळे यांविषयी एक शब्द. दोन्ही चुन्याच्या जातीचे आहेत. आम्ल लागले, की ते झिजतात. लिंबू, चिंच, घाम, भांडी घासायची पावडर, सगळे त्यांचे वैरी. शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवता येईल. शिंपल्याचा तुकडा लिंबाच्या रसात टाका, बुडबुडे येतील. मग मुलांना सांगा, आजीच्या अंगठीतले पोवळे याच जातीचे आहे. मुले घरी जाऊन आजीला सांगतील. तुमचा धडा दोन घरांत पोचेल.

एवढे झाले निवडीविषयी. पण अंगठी कितीही विचारपूर्वक घेतली, तरी ती केव्हा काढायची हे ठाऊक नसेल तर सारे व्यर्थ. म्हणून आता मी थोडे सावकाश सांगतो.

मळणीयंत्र, कडबा कापायचे यंत्र, लेथ, पट्ट्यावर चालणारी कोणतीही यंत्रे यांजवळ जाताना अंगठी काढावी. ट्रॉलीवर, बंडीवर, झाडावर, शिडीवर चढण्यापूर्वी काढावी. उडी मारताना माणसाचे सारे वजन त्या एका बोटावर येते, आणि बोट ते पेलू शकत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीशी किंवा मोटारपंपाच्या स्टार्टरशी खटपट करताना काढावी. सोने आणि चांदी यांतून वीज फार सहज वाहते. पान्याबरोबर अंगठी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये आली, तर क्षणात ती लाल होण्याइतकी तापते आणि बोट भाजते.

फवारणीच्या वेळी तर अंगठी घरीच ठेवावी. आपल्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांत अनेकांचे प्राण गेले. त्याला कारणे पुष्कळ होती, अंगठी हे काही त्यांतले मोठे कारण नव्हे. पण हे औषध तोंडावाटे, श्वासावाटे जाते, तसेच कातडीतूनही जाते, हे आपण तेव्हा फार मोठी किंमत देऊन शिकलो. हात साबणाने धुतले तरी अंगठीखालची जागा तशीच राहते. तेथे औषध साचते आणि त्याच हाताने आपण भाकरी मोडतो. एरवीसुद्धा अंगठीखाली साबण आणि ओल राहून कातडी पांढरी पडते, चिघळते. म्हणून रोज रात्री अंगठी काढावी, बोट कोरडे करावे, मग हवी तर पुन्हा घालावी.

भगिनींच्या जोडव्यांनाही हेच लागू. चिखलात, पाण्यात उभे राहून काम केल्यावर जोडव्याखालची जागा पुसून कोरडी करावी. ज्या जोडव्याला खालून फट असते, ते ओढा बसल्यावर उघडते आणि सुजेत काढता येते. जुन्या कारागिरांची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. फक्त फटीच्या कडा बोथट असाव्यात. आणि कडबा कापताना गळ्यातली पोत आत खोचायला विसरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हाताला विंचू चावला, मधमाशी डसली, हात भाजला, बोट चेचले, तर आधी अंगठी काढा, मग बाकीचे. सूज यायला वेळ लागत नाही, आणि एकदा सूज आली की अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडते. साप हाताला चावला तर अंगठ्या आणि बांगड्या, पायाला चावला तर जोडवी आणि पैंजण ताबडतोब उतरवा. तो हात किंवा पाय हलू देऊ नका. चिरा देऊ नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. सरळ दवाखाना गाठा. त्या घडीला अंगठी काढावी की नाही, असा विचार करत बसलेले घर मी पाहिले आहे. म्हणून आजीबाईंच्या प्रश्नाला मी आधी उत्तर दिले.

अंगठी अडकलीच, तर काय करावे? घाबरू नये. हात डोक्याच्या वर धरून काही वेळ बसावे, बोट गार पाण्यात ठेवावे, मग तेल किंवा साबण लावून हळूहळू फिरवत काढावी. नाहीच निघाली तर दोऱ्याची युक्ती आहे. एक लांब, गुळगुळीत दोरा घ्या. त्याचे एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढून ठेवा. उरलेला दोरा अंगठीपासून नखाकडे, एकाला एक लागून, पेराच्या पुढेपर्यंत घट्ट गुंडाळा. आता तळहाताकडचे टोक धरून नखाच्या दिशेने उलगडत चला. दोरा सुटत जातो आणि अंगठी एकेक वेढा पुढे सरकते. शिक्षकांनी ही युक्ती पोरांकडून पेन्सिलीवर आणि मग एकमेकांच्या बोटांवर सैल कडे घालून करवून घ्यावी. पण बोटाला जखम असेल, ते निळे-काळे किंवा गार पडले असेल, बधिर झाले असेल, तर घरी प्रयोग करू नयेत. दवाखान्यात जाऊन अंगठी कापून घ्यावी. सोने पुन्हा जोडता येते.

आणि देव न करो, पण भाऊजींसारखा प्रसंग आलाच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तो भाग थेट बर्फात ठेवू नये. मग एक क्षण न दवडता मोठ्या दवाखान्यात न्यावे. कधी कधी तो जोडता येतो. भाऊजींच्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दोन शब्द खरेदीविषयी. सोने घेताना हॉलमार्क पाहून घ्यावे. त्यात भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, कस दाखवणारा आकडा, जसे २२ कॅरटला ९१६, आणि अक्षरे व आकडे मिळून सहा खुणांचा त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक असतो. २०२१ पासून अनेक जिल्ह्यांत हे बंधनकारक होत गेले आहे. तो क्रमांक ब्यूरोच्या मोबाइलवरील ॲपमध्ये तपासता येतो. घरातले कॉलेजात जाणारे पोर एका मिनिटात तपासून देईल. मात्र २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला ही सक्ती नाही. तेव्हा अगदी बारीक अंगठी घेताना ओळखीचा सोनार पाहावा. पावती घ्यावीच. पावतीवर वजन, कस, घडणावळ आणि खड्याचे वजन वेगळे लिहून घ्यावे. नाहीतर खडा सोन्याच्या भावाने तोलला जातो. तोळ्याचाही घोळ असतो. जुना तोळा बारा माशांचा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. म्हणून बोलणे ग्रॅममध्येच करावे.

आणि एक अवघड गोष्ट. जावयाची अंगठी किती ग्रॅमची, यावरून साक्षगंधात रुसवेफुगवे होतात. पुष्कळदा ती अंगठी हौसेची नसते, मागणीची असते. हुंडा घेणे आणि देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, आणि हुंड्याला अंगठीचे नाव दिल्याने तो हुंड्याचा राहत नाही असे नाही. मुलीच्या बापाने दोन पोती कपाशीच्या बियाण्याचे आणि खताचे पैसे मोडून जावयाच्या बोटात वजन घातले, तर ते वजन जावयाच्या बोटापुरते राहत नाही. ते त्या बापाच्या पुढच्या हंगामावर बसते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

पोळ्याच्या दिवशी आपण बैलाची शिंगे रंगवतो, गळ्यात घुंगुरमाळा बांधतो, पाठीवर नवी झूल टाकतो. त्याला मिरवतो, ओवाळतो. पुढे कामाला जुंपताना ती झूल काढून घडी करून ठेवतो. त्याने बैलाचा अपमान होतो काय? नाही. उलट, त्याच्या पाठीची काळजी असते म्हणूनच ती काढतो. बैलाच्या पाठीविषयी जे शहाणपण आपल्याला आहे, ते स्वतःच्या आणि लेकीबाळींच्या बोटांविषयी का नसावे?

आता लोहाऱ्याला काय झाले ते सांगून थांबतो. मी हे सारे तिथे जाऊन सांगितले. बहिणीची थोडी निराशा झाली, कारण तिने पाहून ठेवलेली अंगठी चांगली रुंद होती. मुलाकडच्या मंडळींना विचारायचे कोणी, हा पेच होता. शेवटी भाऊजीच गेले. काय बोलले मला ठाऊक नाही; बहुधा फार बोलले नसतील, हात दाखवला असेल. मुलगा म्हणाला, की लेथवर जाताना आम्हाला अंगठी तशीही काढावीच लागते, साधीच घ्या. दोघांसाठी एकसारख्या, अरुंद, गोल कडांच्या, बिनखड्यांच्या अंगठ्या ठरल्या. भाचीचे माप संध्याकाळी, शेतातून आल्यावर घेतले.

आजीबाईंचे मन मात्र पुरते वळले नव्हते. त्यांनी एक तोड काढली. कुंकवाची एक जुनी लाकडी डबी घासूनपुसून त्यांनी नातीला दिली आणि म्हणाल्या, "काढशील तर इकडंतिकडं ठेवू नोको. यात ठेव, देवाजवळ." मला वाटते, एवढ्या साऱ्या बोलण्यात सर्वांत व्यवहार्य सूचना आजीबाईंचीच होती. अंगठी काढायची तर ती ठेवायला एक ठरलेली जागा हवी. नाहीतर ती पदराच्या गाठीत जाते आणि गाठ सुटते.

साक्षगंध झाले. वेचणीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने अंगठी डबीत ठेवली, डोक्याला रुमाल बांधला, कमरेला ओटी बांधली आणि आईच्या मागे शेताकडे निघाली. भाऊजी ओसरीवर बसून पाहत होते. ती दिसेनाशी झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "चला, आता चहा घेऊ."

श्रोतेहो, तुमच्याही घरी लगीनसराईत अंगठ्या घेतल्या जातील. जरूर घ्या, हौसेने घ्या. फक्त सोनाराच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी ज्याच्या बोटात ती जायची आहे, त्याचा हात एकदा नीट पाहा. तो हात दिवसभर काय करतो, हे आठवा. मग कोणती अंगठी घ्यायची ते कोणाला विचारावे लागणार नाही.